खोकला कोणाच्या घरचा

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला अडुळसा लावलेला आहे. त्याला पांढरी फुलं येतात तेव्हा येणारी-जाणारी माणसं थांबून बघतात. मी बघत नाही. त्या पानांचा नुसता वास आला तरी माझं तोंड कडू होतं आणि डोकं तापतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते मला शांतपणे लिहिता येणार नाही. आजारातून उठलेल्या माणसाने समजूतदार व्हावं, सगळ्यांना माफ करून टाकावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मला आजाराने समजूतदार केलं नाही, चिडकं केलं. आणि तो चिडकेपणा मी सोडायला तयार नाही, कारण आजवर तो मला गोळ्यांच्या खालोखाल उपयोगी पडला आहे.

तुमच्या घरात कोणी महिनोन् महिने खोकत असेल, ओट्यावरच्या पातेल्यात काहीतरी उकळत असेल, आणि रोज कोणीतरी "आता फरक आहे ना?" असं विचारत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

*

मी मुलुंडला राहते, पूर्वेला. भांडुपच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. सुधीर तिथेच अकाउंट्समध्ये. लग्न आम्ही आपलं आपण ठरवलं, आणि त्याबद्दल दोन्ही घरं आमच्यावर सारखीच नाराज होती. सुधीरचं घर जुनं नोकरदार, पुस्तकांचं कपाट आणि दिवाणखान्यात सोफा असलेलं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. सासूबाईंनी एकटीने घर सांभाळलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता, तो रास्तही होता.

माझं माहेर घाटकोपरला, डोंगराच्या अंगावर चढलेल्या चाळीत. आम्ही मालवणकडचे. बाबा गिरणीत होते. गिरण्यांच्या संपाला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती आणि बाबा घरी बसून खोकत असायचे. गिरणीतल्या माणसाचा खोकला आमच्याकडे कोणी मोजत नसे. सूत छातीत गेलंय, एवढंच म्हणायचे. माझ्या लहानपणी बाबा खोकले नाहीत की आई विचारायची, "आज बरा नाय काय?"

केतकी, माझी मुलगी, तेव्हा नुकती दुडूदुडू चालायला लागली होती. ती माझ्या कुशीत झोपायची. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो.

*

खोकला गणपतीत सुरू झाला. कोरडा, साधा. घरात पाहुणे, दगदग, थंड पाणी. सासूबाईंनी लगेच काढा घातला. त्यांचा काढा सोसायटीत प्रसिद्ध होता. तुळस, गवती चहा, आलं, मिरी, ज्येष्ठमध, आणि वर कुंपणाच्या अडुळशाची पानं वाफवून पिळलेला रस मधातून. ते झाड त्यांनीच लावलेलं. कोणाचं मूल खोकलं की बायका वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या. "काकूंच्या काढ्याने उतार पडतो," हे वाक्य जिन्यात, गच्चीत, दुधाच्या रांगेत, सगळीकडे ऐकू यायचं. अशा घरातली सून खोकते आणि तिचा खोकला जात नाही, ही गोष्ट सासूबाईंना किती झोंबली असेल ते मला आज कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं नाही.

काढ्याने खरंच बरं वाटायचं. हे मी मुद्दाम सांगते. घसा ओला व्हायचा, छाती मोकळी व्हायची, दोन-चार दिवस खोकला दबायचा. त्या दोन-चार दिवसांनीच माझा घात केला. काहीच फरक पडला नसता तर कोणीतरी केव्हाच मला डॉक्टरकडे नेलं असतं.

"बघ, फरक आहे," सासूबाई म्हणायच्या.

मी तोंड उघडायच्या आधी सुधीर म्हणायचा, "हो, काल रात्री कमी होता."

माझ्या छातीबद्दलची चर्चा मला वगळून चालायची.

*

दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा आई मला बघून दारातच थबकली. मी बारीक झाले होते. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता.

"काय गो, तुका थंय कोणी खावक घालीत नाय काय?"

"घालतात गं आये. खोकला जात नाही नुसता."

"अडुळश्यान जातलो काय खोकलो? पानां खाऊन शेळ्यो जगतत." आणि तिने तिची शस्त्रं काढली. राखेत भाजलेली सुंठ. भाजलेल्या कांद्याचा रस. तुपात परतलेली हळद. कुळथाचं कढण. आणि कुर्ल्यांचा रस्सा, ओरपल्यावर घाम येईल असा झणझणीत. आईच्या मते माझ्या खोकल्याचं कारण एकच होतं, सासरचं अळणी जेवण.

तिथेही बरं वाटलं. पोटभर जेवले, झोपले, कोणी पहाटे उठवलं नाही. खोकला थोडा दबला. आईने चाळभर सांगितलं की पोरगी इली तेव्हा हाडां दिसत होती, आता बघा.

आणि इथून तो खेळ सुरू झाला. मुलुंडला खोकला वाढला की सासूबाई म्हणायच्या, माहेरी मासळी-तिखट खाऊन आली, उष्ण पडलं. घाटकोपरला खोकला वाढला की आई म्हणायची, तेंच्या घरात पोरीक राबवतत. दोन्ही घरांना पक्कं माहीत होतं की खोकला दुसऱ्या घरचा आहे. सासूबाई तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत, पण बाबांचा खोकला त्यांनी लग्नातच ऐकला होता आणि लक्षात ठेवला होता. एकदा मी स्वयंपाकघरात असताना त्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "त्यांच्याकडे सगळेच खोकतात हो."

एक्स-रे काढायचं नाव मात्र कोणी घेत नव्हतं. कारण सरळ होतं. ज्या घरातून एक्स-रे काढला, त्या घराचा आजार ठरणार. सासरी निदान झालं तर सासूबाईंचा काढा खोटा ठरतो, आणि क्षयाचं घर म्हणून सोसायटीत बोभाटा होतो. माहेरी झालं तर चाळीतल्या मुलीने आजार आणला हे सिद्ध होतं, आणि माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अडतं. तो शब्द कोणी उच्चारला नाही. दोन्ही घरांनी तो मनात धरला आणि दोन्ही घरांनी पातेलं चढवलं.

मी सुधीरला एकदा गच्चीवर गाठलं. घरात सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, एकटे असलो की अरे-तुरे.

"सुधीर, मला एक्स-रे काढायचाय."

"अगं, पण आईचं औषध चालू आहे ना. मध्येच तिला सांगायचं कसं? तिला वाटेल विश्वास नाही."

"तुझा विश्वास आहे?"

"तसं नाही गं. संक्रांत होऊ दे, मग बघू."

हा माणूस कारखान्याच्या हिशेबातली पाच पैशांची चूक शोधून काढायचा.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. सोसायटीतल्या सगळ्या बायका येणार. दुपारी सासूबाईंनी माझ्या हातावर भाजलेल्या लवंगा ठेवल्या.

"गालात धरून ठेव. आणि बाहेर फार येऊ नकोस, आतूनच तिळगूळ भरून दे. बायका विचारत बसतात."

त्या वेळी मला नीट कळलं की हे औषध खोकला जावा म्हणून नाही, ऐकू जाऊ नये म्हणून आहे. मी लवंगा गालात धरल्या. संध्याकाळी बाहेर अत्तर, गुलाबपाणी, हसणं-बोलणं चाललेलं, आणि मी आत ओट्याशी डब्या भरत होते. आणि मला उबळ आली. लवंगेने कसली थांबते. मी मोरीकडे धावले, वाकले, आणि मोरीच्या पांढऱ्या लाद्यांवर रक्त पडलं. ठिपका-बिपका नाही. ओंजळभर तरी असेल.

सासूबाई चांदीची गुलाबदाणी भरायला आत आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. मला आजही त्यांचा चेहरा दिसतो, कारण त्यावर भीती होती, स्वच्छ भीती. मला वाटलं, सुटले. आता ह्या ओरडतील, सुधीरला हाक मारतील, टॅक्सी आणतील.

त्यांनी गुलाबदाणी खाली ठेवली, तांब्याने पाणी ओतून मोरी धुतली आणि म्हणाल्या, "उष्ण पडलं गं. काढ्यातली मिरी कमी करू या."

आणि हळदीकुंकवाचं तबक घेऊन त्या बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आईला निरोप पाठवला. तिचा उलट निरोप आला तो असा, की अडुळश्यान रगत पडला असतला, तो आधी बंद कर. दोघींनी एकाच रक्ताला दोन नावं दिली, आणि दोन्ही नावं दुसरीच्या पातेल्यातली होती.

*

निदानाचा दिवस हा माझ्या आयुष्यातला एक चांगला दिवस आहे. हे वाचून कोणाला विचित्र वाटेल. पण मी एकटी गेले होते, माझ्या पायांनी. कोणाला विचारलं नाही. कारखान्यात आठवड्यातून एकदा डॉक्टर यायचे, त्यांनी चिठ्ठी दिली. अर्धी रजा टाकली आणि एक्स-रे काढून आले.

डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मग मला म्हणाले, "आतापर्यंत काय घेत होतात?"

मी सगळं सांगितलं. तुळस, मिरी, अडुळसा, कांदा, सुंठ, कुर्ल्या. सांगताना माझं मलाच हसू यायला लागलं आणि मग रडू.

"टीबी आहे," ते म्हणाले. "उजवीकडे बराच पसरलाय. पण औषध आहे. पूर्ण घेतलंत तर बऱ्या व्हाल. रक्त पडतंय म्हणून आधी दवाखान्यात भरती व्हा. आणि घरात सगळ्यांना तपासून घ्या. लहान मूल असेल तर आधी त्याला."

"हा आला कुठून, डॉक्टर? सासरहून की माहेरहून?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "कुठूनही," ते म्हणाले. "ऑफिस, बस, दुकान. ते कोण सांगणार? आणि कळून करायचंय काय?"

एवढं एक वाक्य. दोन घरं चार महिने ज्याच्यासाठी एकमेकांशी भांडली, त्याचा निकाल त्या वाक्यात लागला. टीबी हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवला. भीती वाटत होती, पण त्याला एक नाव होतं आणि त्याच्यावर औषध होतं. उष्ण पडलं, बाधलं, दगदग झाली, यातलं ते काही नव्हतं.

घरी मी ओट्याशी उभी राहून सांगितलं. सासूबाई खुर्चीत बसल्या. सुधीर म्हणाला, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या का?"

"तीन डॉक्टरांना दाखव," मी म्हटलं, "पण मी उद्या भरती होणार."

त्या दिवशी पहिल्यांदा मी सासूबाईंसमोर त्याला अरे-तुरे केलं.

*

दवाखाना म्हणजे लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मोठ्या खिडक्या, पुढे गॅलरी आणि गॅलरीसमोर एक मोठं झाड. सकाळी घंटा व्हायची. मग झाकणाचे डबे हातात द्यायचे, त्यात थुंकायचं. मग इंजेक्शन. मग दूध, अंडं, गोळ्या. इंजेक्शनने बसणं मुश्कील व्हायचं. लाल कॅप्सूल घेतल्यावर लघवी केशरी झाली, तेव्हा मला वाटलं पुन्हा रक्तच आलं. सिस्टर म्हणाल्या, "गोळीचा रंग आहे. घाबरू नका." घाबरू नका असं म्हणून त्याचं कारणही सांगणारं माणूस मला कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं.

आणि तिथे वजनकाटा होता. दर आठवड्याला उभं करायचे. फरक आहे की नाही ते कोणी ठरवायचं नाही, काटा सांगायचा. काटा पहिल्यांदा किंचित वर सरकला तेव्हा मी काट्यावरून उतरेना. मागची बाई म्हणाली, "उतर की आता, घर बांधतेस काय तिथे?"

ती मागची बाई म्हणजे शेवंताबाई, कुर्ल्याच्या, भाजीचा धंदा करणाऱ्या. माझ्या शेजारची खाट त्यांची. त्या वॉर्डात दुपारी आमचा एक खेळ चालायचा, कोणी काय काय घेतलं होतं ते सांगायचा. कोणी हळद-दूध, कोणी डाळिंबाची साल, कोणी बेहडा, कोणी छातीला वेखंड. एकीला मोराचं पीस जाळून मधातून चाटवलं होतं. शेवंताबाईंना त्यांच्या दिराने गाढविणीचं दूध आणून दिलं होतं. "आणि काय सांगू," त्या म्हणायच्या, "फरक पडला म्हणे. गाढविणीला पडला असेल." सगळा वॉर्ड हसायचा आणि हसता हसता खोकायचा. पण त्या वॉर्डात अशीही एक खाट होती जी एका सकाळी रिकामी झाली. ती मुलगी माझ्याहून लहान होती. ती काय घेत होती ते मला माहीत आहे. मी लिहिणार नाही, कारण ते आत्ता तुमच्या डब्यातही असेल.

भेटायच्या वेळी दोन्ही घरं यायची, वेगवेगळ्या दिवशी. सासूबाई बाटलीतून काढा आणायच्या. आई दुसऱ्या बाटलीतून कढण. दोघी मला सांगायच्या, त्या गोळ्या गरम असतात, ह्याने जरा उतार पडेल, डॉक्टरांना सांगू नकोस. मी इतकी थकलेली असायचे की बाटल्या खाटेखाली ठेवून द्यायचे.

"काय गं, दोन बाटल्या?" शेवंताबाईंनी विचारलं. "एक सवतीची काय?"

मी सांगितलं. त्यांनी दोन्ही बाटल्या उचलल्या, मोरीवर नेल्या आणि एकदमच उपड्या केल्या. परत येऊन म्हणाल्या, "दोघींचं एकदाचं लग्न लावून आले."

*

केतकीला वॉर्डात आणायची परवानगी नव्हती. रविवारी सुधीर तिला खाली झाडाजवळ आणायचा, मी गॅलरीत उभी राहायचे. ती वर बघून हात हलवायची, मग कंटाळून झाडाच्या शेंगा वेचायची. बरोबर आलेल्या सासूबाई पदराने तिचं नाक पुसायच्या. मला वरून फक्त दिसायचं, ऐकू काही यायचं नाही.

"तपासण्या झाल्या?" मी सुधीरला विचारलं होतं.

"सगळ्यांच्या झाल्या. मी ठीक आहे, आई ठीक आहे. तुझ्या बाबांचाही एक्स-रे झाला, टीबी नाही, गिरणीचीच धूळ आहे."

बाबांचं ऐकून मला आनंद झाला, आणि रागही आला, कारण ही बातमी सासूबाईंना कोणी शेजारणीसमोर सांगायला लावणार नव्हतं. त्या आनंदात आणि रागात मी पुढचा प्रश्न विचारला नाही. सगळ्यांच्या झाल्या असं सुधीर म्हणाला होता. ज्याचा सगळा जन्म हिशेबात गेला तो माणूस सगळ्यांच्या म्हणतो तेव्हा बायकोने परत मोजायचं असतं का?

*

थुंकी साफ आली, वजन वाढलं, मला घरी सोडलं. गोळ्या पुढे बरेच महिने चालू राहणार होत्या. कोणाच्या घरी जायचं यावर दोन्ही घरांची पुन्हा चर्चा झाली. आता दोघींना मी आपल्याकडे हवी होते, कारण आता मी बरी होत होते. सासूबाई बायकांना सांगत होत्या की दवाखान्यातही काढा चालूच होता. आई सांगत होती की कढण नसता तर पोरगी हाती लागती नाय. मी म्हटलं, माझी मुलगी मुलुंडला आहे, मी मुलुंडला जाणार.

घरी माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढून ठेवला होता. ते मी समजू शकले. केतकी आधी लाजली, मग येऊन माझ्या बांगड्या फिरवत बसली. दुपारी ती झोपली आणि मी तिच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, भिंतीला टेकून बसले.

ती झोपेत खोकली.

पुन्हा खोकली. कोरडं, छोटंसं. मला तो आवाज ओळखीचा होता.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या कठड्यावर केतकीला दूध-औषध पाजायची चांदीची बोंडली होती, बारशाला आईने दिलेली. तिच्यात तळाशी हिरवट मध होता. मी वास घेतला. घ्यायची गरज नव्हती.

"केव्हापासून?" मी विचारलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "अगं, सर्दीचा आहे. होळीपासून असेल. काळजी करू नकोस, अडुळसा चालू आहे. आता फरक आहे."

"तिला तपासलं होतं ना?"

"एवढ्याशा लेकराला कुठे त्या एक्स-रेच्या खोलीत न्यायचं? ठणठणीत होती तेव्हा. मीच सुधीरला म्हटलं, राहू दे."

मी ओरडले नाही. अंगात ओरडायची ताकद नव्हती आणि वेळही नव्हता. झोपलेल्या केतकीला उचललं, दवाखान्यातून येऊन काही तासच झाले होते, तीच चप्पल पायात घातली आणि खाली उतरले. कुंपणापाशी पहिल्या मजल्यावरच्या बाई अडुळशाची पानं तोडत होत्या. "अगं, आलीस का? बरी दिसतेस," त्या म्हणाल्या. मी रिक्षा थांबवली.

*

केतकीच्या छातीत सुरुवात झाली होती. लहान मुलांत असं होतं, डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, पूर्ण बरी होईल. कोणाकडून, ते मी विचारलं नाही. या वेळी ते मला माहीत होतं. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत ती माझ्या कुशीत झोपत होती, आणि बाहेर पातेली उकळत होती.

सुधीर संध्याकाळी आला. ऐकल्यावर केतकीजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "आईला कसं सांगायचं?"

"तू नको सांगूस," मी म्हटलं. "तू सांगितलंस तर सगळं सर्दीचं होऊन बसेल."

मी सांगितलं. सासूबाई देवघरासमोर वाती वळत होत्या. मी म्हटलं, "आई, मी खोकत होते तेव्हा तुम्ही आणि माझ्या आईने, दोघींनी मला चार महिने घरात ठेवलंत. त्या चार महिन्यांत हिला लागण झाली. आणि हिला तपासू दिलं नाहीत. काढा वाईट नाही. पण काढ्याच्या आड तुम्ही लपलात." कापूस त्यांच्या हातात तसाच राहिला. घाटकोपरला जाऊन हेच मी माझ्या आईलाही ऐकवलं. ती मात्र मोठ्याने रडली, आणि तिलाही मी उगी उगी म्हटलं नाही.

माझ्यापुरतं असतं तर मी केव्हाच सोडून दिलं असतं. माझी छाती, माझं आयुष्य, माझी माणसं. पण केतकीला त्यात ओढलं, ते माझ्याने सुटत नाही.

*

तर तिच्या गोळ्या. गोळी कुटली तरी कडू. मी चमच्यात दिली की केतकी ओकायची. सुधीरने दिली की थुंकायची. आम्ही दोघं घामाघूम व्हायचो, गोळी फरशीवर जायची, आणि मला डॉक्टरांचं वाक्य आठवायचं, एकही दिवस चुकवू नका.

एका सकाळी असंच चालू असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

"मी देऊन बघू?" त्या म्हणाल्या.

मी चमचा खाली ठेवला. त्यांनी बोंडली धुऊन आणली. आधी थोडा मध घातला, मधोमध गोळीची पूड, वर पुन्हा मध. केतकीला मांडीवर घेतलं, उजव्या हाताने तिचा गाल दाबला आणि बोंडली जिभेच्या पार मागे नेऊन टेकवली. केतकीने गिळलं आणि आजीकडे बघून हसली. कडू औषध मुलाच्या पोटात कसं घालायचं, हे त्या घरात त्यांच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. तीच बोंडली, तोच मध, तोच हात.

केतकी आता शाळेत जाते. खणखणीत आहे, मीही आहे. कुंपणापाशी कोणी अडुळसा तोडताना दिसलं की मी विचारते, खोकला कधीपासून आहे, आणि पंधरवड्याच्या वर गेला असेल तर आधी थुंकी आणि एक्स-रे, मग पानं. सोसायटीत मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत.

पण त्या वेळी, कोर्स पूर्ण होईपर्यंत, रोज सकाळी मी कपाट उघडायचे. ते कपाट मी कुलपात ठेवायचे. गोळी काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवायचे. मी त्यांना माफ केलं नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं. त्या बोंडली भरायच्या, आणि केतकी तोंड उघडून जीभ बाहेर काढून दाखवेपर्यंत मी त्यांच्या हातावरची नजर काढायचे नाही.